फ्यूज बॅटरीजवळच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीला आग लागल्याची बातमी आली की शेवटची ओळ ठरलेली असते: ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना या ओळीतून काहीच कळत नाही. शॉर्टसर्किट झालं असेलही. पण वायर शॉर्ट झाली तर फ्यूज उडावा, गाणं बंद पडावं आणि मालकाने चिडून आमच्याकडे यावं, इतपतच ते प्रकरण असतं. गाडी पेटली, तर त्या वायरीला फ्यूज नव्हता, किंवा होता तो भलत्या टोकाला, किंवा भलत्या आकड्याचा. नंतर बसवलेल्या सामानात सर्वांत जास्त करंट ओढतो तो सबवूफरचा, म्हणजे बेसचा घुमणारा आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, अ‍ॅम्प्लिफायर; बोलताना त्यालाच मशीन म्हणतात. तो जोडताना होणाऱ्या चुका वर्षानुवर्षं त्याच आहेत. त्या एकदा आकड्यांसकट लिहाव्यात म्हणून हे पत्र. लांबलं आहे, सांभाळून घ्यावे.

बॅटरी पुढे बॉनेटखाली आणि अ‍ॅम्प्लिफायर मागे डिकीत. मधली प्लसची वायर छोट्या गाडीतही पाचेक मीटर होते. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये पुष्कळदा ४ चौ. मिमी तांब्याच्या आसपासची वायर निघते, वरचं प्लास्टिक मात्र अंगठ्याएवढं जाड. अशा पाच मीटर वायरीचा रोध साधारण ०.०२ ओहम. ती फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकात, सीटच्या रुळाखाली किंवा दाराच्या पट्टीखालच्या स्क्रूवर घासून सोलली आणि पत्र्याला टेकली, तर बॅटरीचा स्वतःचा रोध धरूनही चारशे अँपिअरच्या घरात करंट वाहतो. टेकल्याची जागा डिकीजवळ असेल तर त्या वायरीत तीन-साडेतीन हजार वॅट उष्णता तयार होते. घरातल्या तीन इस्त्र्या बोटापेक्षा बारीक तांब्यात कोंबल्यासारखं हे आहे. पाच मीटरमध्ये तांबं जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम. हिशोब केला तर त्याचं तापमान सेकंदाला पन्नास अंशांनी चढतं. चौथ्या सेकंदाला प्लास्टिक वितळतं, त्यानंतर खालचा गालिचा.

आता अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावर २५-२५ अँपिअरचे दोन फ्यूज असतात, ते काय करतात? काहीच नाही. शॉर्ट त्यांच्या अलीकडे झाला, करंट त्यांच्यातून गेलाच नाही. मालक मात्र खुशाल सांगतो, ‘फ्यूज आहे की, मशीनलाच आहे.’ मशीनवरचा फ्यूज मशीनसाठी असतो. वायरीचा फ्यूज वेगळा, आणि तो बॅटरीच्या प्लसपासून वायरीच्या लांबीने ४५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे हातभर अंतरातच हवा. जवळ जितका बसेल तितका चांगला, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम उघडा, बेवारशी असतो. त्या तुकड्यावर नालीदार पाइप घाला आणि तो इंजिनच्या हलणाऱ्या किंवा तापणाऱ्या भागाला लागणार नाही असा बांधा.

फ्यूजचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर किती वॅट छापलेत याच्याशी त्याचा संबंध नाही. चांगल्या तांब्याच्या ८ गेजला (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) ५० ते ६० अँपिअर, १६ चौ. मिमीला, म्हणजे दुकानात ज्याला ‘सोळा स्क्वेअर’ म्हणतात तिला ८०, आणि ४ गेजला १०० पर्यंत चालतो. मशीनला लागणारा करंट याहून कमी असेल तर फ्यूज तेवढा कमी लावावा. जास्त लागत असेल तर आधी वायर बदलावी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणं, किंवा उडालेल्याच्या पायांना तांब्याची तार गुंडाळणं, हे अजूनही सर्रास चालतं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूजही निघतात. ज्याने ते केलं तो गाणं सुरू झालं म्हणून खूश झालेला असतो.

शॉर्ट न होताही आग लागते, आणि तिचं कारण सापडायला जास्त अवघड जातं. सैल जोड. समजा फ्यूजच्या डबीत वायर नीट आवळली नाही, किंवा थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक, पक्कडीने चेपून बसवलं. त्या एका ठिकाणी ०.०२ ओहम रोध तयार झाला आणि ४५ अँपिअर वाहिले, तर चाळीस वॅट उष्णता एका चिमटीएवढ्या जागेत जमते. आमच्या हातातली डाग द्यायची (सोल्डरिंगची) इस्त्री पंचवीस ते पस्तीस वॅटची असते, यावरून अंदाज यावा. करंट फ्यूजच्या मर्यादेतच असल्यामुळे फ्यूज उडत नाही, डबी मात्र वितळते. काचेच्या नळीचा फ्यूज घेणाऱ्या जुन्या धाटणीच्या डब्या यात सर्वांत वाईट. दोन पत्र्यांच्या चिमट्यांत नळी नुसती अडकवलेली असते आणि गाडीच्या हादऱ्यांनी चिमटे पसरतात. बोल्टने आवळायच्या सपाट पट्टीचा फ्यूज घ्या, त्याला एएनएल म्हणतात. लहान कामाला त्याचाच छोटा भाऊ मिनी एएनएल चालतो. डबीला झाकण हवंच. थिंबल वायरीच्या मापाचं, षट्कोनी साच्याच्या हायड्रॉलिक पंचने दाबलेलं, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी. नुसत्या डागावर विसंबू नये. जोड तापला की डाग मऊ पडतो आणि वायर निसटते. पहिल्या महिन्याभराने सगळे स्क्रू पुन्हा आवळावेत. तांब्याचे बारीक धागे दाबले जाऊन बसतात आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला स्क्रू सैल लागतो.

करंट किती लागणार, हे खोक्यावरच्या आकड्यावरून काढू नये. ‘१५०० वॅट’ छापलेल्या डब्याच्या कडेला ३० अँपिअरचा एक फ्यूज दिसला, की प्रश्न संपला. तीस गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॅट आत जाणार. मशीन क्लास डी जातीचं असेल तर त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे ३३० च्या आसपास बाहेर येतील. क्लास एबी असेल तर सव्वादोनशे. उरलेलं उष्णता होऊन जातं. मॅक्स, पीक, पीएमपीओ वगैरे शब्द विक्रीचे आहेत. कामाचा शब्द आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, आणि तोही किती व्होल्टवर व किती ओहमवर मोजला हे सोबत लिहिलेलं असेल तर.

खऱ्याखुऱ्या ५०० वॅट आरएमएसच्या क्लास डी मशीनचा हिशोब असा: ५०० भागिले ०.८ म्हणजे ६२५ वॅट, भागिले १३.८, म्हणजे साधारण ४५ अँपिअर. तेवढ्याच ताकदीच्या क्लास एबीला ६६. हा पूर्ण जोरातला आकडा झाला. गाण्यात ठोका आणि ठोक्यांमधली जागा दोन्ही असतात, म्हणून सरासरी याच्या एक तृतीयांश, पंधरा अँपिअरच्या आसपास पडते. डीजेच्या सलग घुमणाऱ्या गाण्यांना अर्ध्याच्याही वर जाते. वायर आणि फ्यूज ठोक्याच्या करंटचा विचार करून घ्यायचे. बॅटरी आणि अल्टरनेटर सरासरीवर तपासायचे. स्पीकरचा ओहमही यात येतो. चार ओहमच्या दोन कॉइली समांतर जोडल्या की दोन ओहम होतात आणि मशीन जवळपास दुप्पट करंट ओढू लागतं. ते सोसण्याची त्याची तयारी आहे का, हे त्याच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक खोक्यातच राहतं.

वायरीकडे परत येऊ, कारण फसवणूक तिथेच जास्त आहे. ४५ अँपिअर आणि पाच मीटर धरले तर ४ चौ. मिमी वायरीत एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. १० चौ. मिमीमध्ये ०.३९, सोळामध्ये ०.२४, पंचवीसमध्ये ०.१६. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडझड होऊ देऊ नये, आणि तिच्यात अर्थची, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाण्याची, बाजूही धरावी. म्हणून या मशीनला आम्ही सोळा स्क्वेअरच सांगतो. सहाशे-सातशे वॅटच्या वर गेलात तर पंचवीस.

पण तांब्याची वायर तांब्याची असेल तर. किटमधल्या पुष्कळ वायरी सीसीएच्या असतात: आत अ‍ॅल्युमिनिअम, वरून तांब्याचा मुलामा. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त. ८ गेजच्या शुद्ध तांब्यात जिथे अर्ध्या व्होल्टहून थोडं कमी पडतं, तिथे सीसीएमध्ये पाऊण व्होल्ट. शिवाय अ‍ॅल्युमिनिअम स्क्रूखाली दबून सपाट होतं आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत जोडाला गंजतं. ओळखायला सोपी आहे. एक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरट दिसलं तर सीसीए. हातात घेतली तरी कळते, तांब्याचं वेटोळं त्याच मापात दुपटीहून जड लागतं. ती वापरायचीच असेल तर दोन मापं जाड घ्यावी आणि फ्यूज कमी आकड्याचा. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किट घेताना दुकानदाराला ‘कॉपर आहे का’ विचारून उपयोग नाही, तो होच म्हणतो. टोक सोलून दाखवायला सांगा. वेल्डिंग केबल किंवा बॅटरी केबल मीटरवर घेतली तर किटपेक्षा फार महाग पडत नाही. फक्त इंजिनच्या खोलीत तिच्यावर पाइप चढवावा. वेल्डिंग केबलच्या रबराला तेल आणि उष्णता फारशी मानवत नाही.

फायरवॉलमधून वायर नेताना कंपनीने ठेवलेल्या रबरी बुचातूनच न्यावी. नवं भोक पाडावं लागलं तर कडा घासून, रंग लावून, मापाचं बूच बसवूनच वायर ओवावी. बूच न बसवता टाकलेली वायर वर्षभरात पत्र्याच्या धारेवर सोलते. स्टिअरिंगचा दांडा, पेडल आणि हँडब्रेकची केबल यांच्यापासून तिला लांब ठेवा. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली येतात. त्यांच्यासाठी नालीदार पाइप हा फार भक्कम उपाय नाही, पण उघड्या वायरीपेक्षा बरा. प्लसची वायर गाडीच्या एका बाजूने आणि स्टिरिओकडून येणारी सिग्नलची आरसीए वायर दुसऱ्या बाजूने न्यावी. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

अर्थबद्दल लोक निष्काळजी असतात, कारण ती वायर छोटी. प्लसमधून जेवढा करंट येतो तेवढाच अर्थमधून परत जातो, म्हणून जाडी तीच. लांबी हातभराच्या आत. डिकीच्या पत्र्यावर जिथे जाड, मूळ चौकटीला वेल्ड केलेला भाग आहे तिथे रंग आणि प्रायमर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, ८ मिमीच्या बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन फासा, नाहीतर कोकणातल्या हवेत एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. सीटबेल्टच्या बोल्टखाली अर्थ मारू नये. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे, आणि त्याखाली थिंबल घातलं की तो जसा बसायला हवा तसा बसत नाही. डिकीच्या झाकणावर, बिजागरीवर किंवा सीटच्या पायावरही नको. भोक पाडण्याआधी खाली वाकून बघा, पत्र्यापलीकडे पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी असते.

अर्थ चांगला आहे की नाही हे ओहम मोजून कळत नाही. साधा मीटर एवढा बारीक रोध खरा दाखवत नाही. इंजिन चालू ठेवून जोराचा बेस लावा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ स्क्रूला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. ०.२ व्होल्टच्या आत हवं. मग हेच दोन्ही प्लसमध्ये करा; तिथे जितकं जास्त, तितकी वायर किंवा जोड खराब. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘कुंईऽऽ’ असा चढत जाणारा आवाज येत असेल तर दहातल्या आठ वेळा स्टिरिओचा आणि मशीनचा अर्थ वेगवेगळ्या पातळीवर असतो. त्यावर दुकानात फिल्टर विकतात. आधी अर्थ खरवडून बघावा, पैसे वाचतात.

‘बेस वाजला की हेडलाइट मंद होतात’ ही आमच्याकडे येणारी सर्वांत जुनी तक्रार. इथे मुळातली गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: गाडीत वीज तयार करणारा एकच जण आहे, अल्टरनेटर. छोट्या पेट्रोल गाडीत तो साधारण ६० ते ९० अँपिअरचा. पण हा आकडा इंजिन पळत असतानाचा. सिग्नलला उभ्या गाडीत तो त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. त्यातून पंप, इग्निशन आणि कॉम्प्युटर आठ-दहा अँपिअर घेतात, हॅलोजन हेडलाइट नऊ, एसीचा ब्लोअर दहाच्या वर, रेडिएटरचा पंखा लागला की आणखी तेवढेच, पावसात वायपर. पावसाळी संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीत अल्टरनेटर आधीच घाईला आलेला असतो. त्यावर बेसचा ठोका पडला की लागणारा करंट बॅटरीतून निघतो. अल्टरनेटर चार्ज करत असताना १४ व्होल्ट असतात, बॅटरीची स्वतःची पातळी १२.६ किंवा त्याहून खाली. ठोक्यागणिक व्होल्टेज या दोन पातळ्यांमध्ये खालीवर होतं, तेच हेडलाइटमध्ये दिसतं. आवाजही पडतो. बऱ्याचशा मशीनचं आउटपुट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं, म्हणजे १४.४ वर ५०० वॅट देणारं मशीन १२ वर साडेतीनशेच देतं. मालक मग गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी मशीन जुळवून घ्यायचं बटण) वाढवतो, सिग्नल कापला जाऊ लागतो, आणि शेवटी स्पीकरची कॉइल जळते. गेन हा आवाजाचा खटका नाही. दोन ओहमवर ५०० वॅट म्हणजे ३१.६ व्होल्ट. स्पीकर काढून, ५० हर्ट्झचा सूर लावून, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर ठेवून मीटरवर एसी ३१ व्होल्ट येतील तिथे गेन थांबवायचा.

मंद होणाऱ्या लाइटवर दुकानदार कपॅसिटर, म्हणजे क्षणभरापुरती वीज साठवणारा डबा, सुचवतो. एक फॅरडचा, निळ्या आकड्यांचा, दिसायला फारच देखणा. त्याचा हिशोब मांडून बघा. १४.४ पासून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो जवळपास ३२ ज्यूल देतो. आपलं मशीन सेकंदाला ६२५ ज्यूल खातं. म्हणजे कपॅसिटर सेकंदाचा विसावा भाग पुरला. ढोलाचा एक ठोका याच्या दुप्पट-तिप्पट लांब असतो, आणि पुढचा ठोका यायच्या आत तो कपॅसिटर भरायचं कामही बिचाऱ्या अल्टरनेटरलाच करायचं असतं. बसवलाच असेल तर पहिल्यांदा थेट जोडू नका, मोठी ठिणगी उडते. आधी एका बल्बमधून किंवा रेझिस्टरमधून तो भरून घ्यावा.

त्या पैशांत तीन वायरी बदलाव्यात. अल्टरनेटरच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, बॅटरीच्या मायनसपासून पत्र्यापर्यंत, आणि इंजिनपासून पत्र्यापर्यंत. कंपनीच्या मूळ वायरी काढू नयेत, त्यांच्या जोडीला २५ चौ. मिमीच्या टाकाव्यात. पहिलीला फ्यूज लागतो, आणि तो अल्टरनेटरच्या आकड्यापेक्षा थोडा जास्त हवा. बॅटरीचे टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन, खरवडून, व्हॅसलीन लावावं. अल्टरनेटरचा बेल्ट ढिला नाही ना, तेही तेव्हाच पाहावं. एवढ्याने पुष्कळ गाड्यांतली थरथर जाते. त्यानंतरही इंजिन आयडलला ठेवून एसी, लाइट आणि गाणं एकत्र चालू असताना बॅटरीवर १३.२ पेक्षा कमी दिसत असेल तर मशीन गाडीला जड आहे. मोठा अल्टरनेटर हाच मग मार्ग, किंवा लहान मशीन. दुसरी बॅटरी टाकून इंजिन बंद असतानाचा वेळ वाढतो, कमाई वाढत नाही; तिला भरायचं ओझं पुन्हा त्याच अल्टरनेटरवर.

इंजिन बंद ठेवून गाणी ऐकणाऱ्यांसाठी: छोट्या गाडीतली ३५ अँपिअर-तासाची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. तिच्या पातळ प्लेटा क्षणभर खूप करंट देण्यासाठी आहेत, रिकामं होण्यासाठी नाहीत. सरासरी पंधरा अँपिअर ओढले तर तासाभरात ती निम्म्यावर येते, म्हणजे मोकळ्या स्थितीत १२.२ व्होल्ट. त्यापुढे सेल्फ ‘टक् टक्’ करतो. असं दहा-वीसदा झालं की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तीन-चार वर्षं टिकायची बॅटरी दीड वर्षात बदलावी लागते. मग दोष बॅटरी कंपनीला.

बॅटरी रात्रीतून उतरण्याचं दुसरं कारण रिमोटची वायर. अ‍ॅम्प्लिफायरला चालू-बंद करणारी ही बारीक निळी वायर स्टिरिओच्या रिमोट आउटला जोडायची. कंपनीच्या स्टिरिओला ती नसते, म्हणून कुणीतरी ती सरळ बॅटरीच्या प्लसला टाकतो. गाणं न वाजताही मशीन मग अँपिअरभर करंट पीत राहतं. चोवीस तासांत चोवीस अँपिअर-तास गेले, ३५ पैकी. ही वायर फ्यूजबॉक्समधल्या अशा खणातून घ्या, जो चावी एसीसीवर (इंजिन सुरू होण्याआधीच्या खटक्यावर) असतानाच चालू होतो, आणि तिला एक-दोन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्या. याच्या उलट चूक म्हणजे मशीनची मुख्य प्लसच सिगारेट लायटरच्या वायरीतून घेणं. तो १५ अँपिअरचा मार्ग आहे. त्यावर जास्तीत जास्त दोनशे वॅट. पुढे काय होतं ते वर फ्यूजला तार गुंडाळण्याच्या भागात आलं आहेच.

नव्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या आणि माइल्ड हायब्रिड (इंजिनला छोट्या मोटरची मदत असलेल्या) गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटी डबी असते. बॅटरीतून किती करंट गेला हे मोजणारा तो सेन्सर. अशा गाडीत कुठलीही अर्थ वायर थेट मायनसच्या खुंटीवर आवळू नये. डबीच्या पलीकडे, पत्र्यावर घ्यावी. थेट घेतली तर आपला करंट मोजलाच जात नाही, कॉम्प्युटरला बॅटरी भरलेली वाटते, तो अल्टरनेटरला विश्रांती देतो आणि महिन्याभराने बॅटरी बसते. या गाड्यांत सपाट रस्त्यावर व्होल्टेज मुद्दाम साडेबाराच्या आसपास उतरवलं जातं, तोही बिघाड समजू नये. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असतेच, मोठ्या बॅटरीवरून कन्व्हर्टरने भरली जाणारी. अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा तर फक्त तिच्यावर, आणि कन्व्हर्टरची मर्यादा पाहून. ती उतरली तर मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. नारिंगी रंगाच्या केबलींना हात लावू नये; त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

ट्रकवाल्यांची चूक वेगळी. ट्रकमध्ये २४ व्होल्ट, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या ओळीने. १२ व्होल्टचं मशीन चालवायला दोहोंच्या मधून तार काढतात. खालची बॅटरी एकटी उपसली जाते, पण चार्जिंगचा करंट दोघींना सारखाच मिळतो. खालची कायम उपाशी, वरचीला अजीर्ण; तिचं पाणी उकळून जातं. काही महिन्यांत दोन्ही बाद. २४ ते १२ व्होल्टचा योग्य ताकदीचा कन्व्हर्टर एवढाच यावर उपाय आहे. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर १२ व्होल्टच असतात, पण अल्टरनेटर पुष्कळदा ३५-४० अँपिअरचाच. रात्रीचे फोकस आणि चार तुतारी भोंगे एकत्र चालले की फडातून बाहेर पडताना सेल्फ लागत नाही.

सीएनजीच्या गाड्या आपल्याकडे आता इतक्या आहेत की हे लिहायलाच हवं. डिकीत २०० बार दाबाचं सिलिंडर, त्याच डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफरचा बॉक्स. हवेत गॅस पाच ते पंधरा टक्के झाला की एक ठिणगी पुरते, आणि सैल जोडावर ठिणगी उडतेच. सिलिंडरच्या पट्ट्याच्या किंवा स्टँडच्या बोल्टला अर्थ मारू नये. प्लसची वायर गॅसच्या नळीबरोबर बांधू नये. सिलिंडरजवळ रिले किंवा फ्यूजची डबी नको. गॅस गळून डिकीत साठू नये म्हणून व्हॉल्व्हवर आवरण आणि बाहेर जाणारी हवेची नळी दिलेली असते. बॉक्स बसवताना ती दाबली जाते किंवा चक्क काढून टाकली जाते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी असते, तेव्हा ते बाहेर काढावं लागतं, म्हणून वायरिंग त्याच्यावरून न नेता बाजूने न्यावं. नाहीतर टेस्टवाला घाईत वायर तोडतो आणि टेप गुंडाळून देतो. खरं तर अशा गाडीत पुढच्या सीटखाली बसणारा छोटा सबवूफर घ्यावा, असं आमचं मत. सीटखाली बसवताना तो गालिच्यावर तसाच ठेवू नका. एसीचं पाणी आणि ओल्या चपला तिथेच येतात. खाली लाकडी पट्टी द्या आणि वरून हवा खेळेल इतकी जागा सोडा.

काम सुरू करण्याआधी मायनस काढायचा आणि सगळं जोडून झाल्यावर शेवटी मायनस लावायचा. फ्यूज त्याच्याही नंतर. बिल घ्या, आणि विमा कंपनीला सामान कळवून आयएमटी २४ ची, म्हणजे जादा बसवलेल्या विजेच्या सामानाच्या कलमाची, नोंद पॉलिसीत करून घ्या. थोडा जादा हप्ता पडतो. न कळवलेल्या सामानाची भरपाई मिळत नाही, आणि त्या वायरिंगमुळे आग लागली असं ठरलं तर बाकीच्या दाव्यावरही वाद घातला जातो.

आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी देताना वार्ताहरांनी अग्निशमन दलाला किंवा पंचनामा करणाऱ्यांना एवढंच विचारावं: गाडीत बाहेरून काही बसवलं होतं का, आणि बॅटरीजवळ त्याचा फ्यूज होता का? दसऱ्याला नव्या गाड्या निघतात आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे अ‍ॅम्प्लिफायर बसवायची रांग लागते. त्याआधी हे पत्र छापता आलं तर बरं होईल.

कळावे,
आपले,
वाहनांच्या वायरिंगचे काम करणारे काही कारागीर, पुणे